भरल्या विहिरीचा उपसा

१६ ऑक्टोबर १९७७

बुडालो नाही! हे आधी लिहून ठेवतो. बाकी सगळं झालं. नाकात पाणी, कानात पाणी, पोटात तर अर्धी विहीर — पण बुडालो नाही. पाठीला सुका भोपळा बांधला होता. भोपळा वर, मी त्याच्याखाली, आणि पायरीवर गोविंदा आणि पंजाब पोट धरून हसत बसलेले.

"अबे इंद्रा, तू पोहून राह्यला का कनीक तिंबून राह्यला?" — हा गोविंदा. बापाच्या मळ्यातल्या विहिरीत लहानपणापासून मुटके मारत आलाय, त्याला हसायला काय जातं!

चोवीस वर्षांचा घोडा मी. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. मारक्या बैलाच्या जखमेत औषध भरतो तेव्हा हात कापत नाही. आज पहिल्या पायरीवर पाण्यात उभा राहिलो आणि वरच्या पायरीचा दगड हातातून सुटेना. आमच्या भीमनगरात एकालाही पोहता येत नाही. येणार कुठून? आज्याच्या वेळी विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतेल तेवढं पाणी घ्यायचं. घागरीत पोहायला शिकणार होते काय?

गोविंदाला हे बोललो. तो हसायचा थांबला. मग म्हणाला, "मंग तू शिक ना. भोपळा घट्ट बांध."

१८ ऑक्टोबर

हे सगळं कशासाठी चाललंय ते लिहायचं राहिलंच.

तरुण मंडळानं सव्वीस जानेवारीला तिहेरी शर्यत ठेवली आहे. पाझर तलाव पोहून पार करायचा, तिथून ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, कारंज्याच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं, आणि सायकल टाकून शाळेच्या झेंड्यापर्यंत पळायचं. पहिल्या येणाऱ्यांना ढाल. असली शर्यत कामरगावात कोणी ऐकली नव्हती. पंजाब म्हणतो परदेशात असतात, त्यानं कुठल्याशा मासिकात चित्र पाहिलंय. पंजाबचं किती खरं धरायचं ते त्याच्या सायकल दुकानात बसणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

मजा अशी की शर्यत एकट्याची नाही. तिघांची टोळी. तिघांनीही तिन्ही गोष्टी करायच्या आणि तिसरा झेंड्याला हात लावेल तेव्हा टोळी आली असं धरायचं. म्हणजे टोळीतला सगळ्यात कच्चा गडी असेल तेवढीच टोळी पक्की!

आम्ही तिघं चौथीपासूनचे. पंजाबकडे सायकली, गोविंदाकडे विहीर. "आन तुह्यापाशी काय हाय?" पंजाबनं मला विचारलं. "माह्यापाशी पाय हायेत," मी म्हणालो. पळण्यात दोघं माझ्या जवळपास येत नाहीत. पण पाण्यात पाय काय कामाचे!

गोविंदाचा चुलतभाऊ माशासारखा पोहतो. तो स्वतःहून म्हणाला होता, मला घ्या. गोविंदानं सांगितलं, "तिसरा इंद्रा. नाई तं टोळीच नाई."

हे मला पंजाबनं सांगितलं. गोविंदा असलं तोंडावर कधी सांगायचा नाही.

२३ ऑक्टोबर

मायला कळलं. ओला लंगोट वाळत घातला होता, तेवढ्यावरून! ती दौलतकाकांच्याच मळ्यात निंदणाला जाते — दौलतकाका म्हणजे गोविंदाचे वडील — पण ती जाते उन्हं आल्यावर, तोवर आम्ही पाण्यातून निघालेले असतो.

"बाबू, पान्याच्या वाटेले जाऊ नको."

"काहून?"

"सांगतलं ना, जाऊ नको."

मायची धाकटी बहीण भागिरथा लहानपणी डोहात गेली, एवढं मला माहीत आहे. माय त्याबद्दल कधी बोलत नाही. विचारलं की भांडी घासायला घेते. आजही घेतली. मी म्हणालो, "दुष्काळात त्या तलावाची माती तूच उचलली ना? मंग त्यात तुह्या पोरानं पोहलं तं काय बिघडलं?" ती म्हणाली, "माती उचलाची येगळी, पानी येगळं." मी हसलो. तिला जवळ घेतलं, फिरवलं, "तुहं पोरगं ढाल आनते का नाई पाह्य!" ती हसली नाही.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिची भीती मला कळते. पण किती ऐकायचं माणसानं!

३० ऑक्टोबर

पंजाबनं सायकली हलक्या करायला घेतल्या आहेत. मडगार्ड काढले, स्टँड काढले, घंटी काढली, कॅरियर काढलं. आज चेनकव्हर काढलं. गोविंदा म्हणाला, "आता चाकं तेवढी राहू दे बाप्पा."

१३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. थंडी पडली. पहाटे मळ्याकडे निघालो की कान गार पडतात, वाफ्यांत सांभाराच्या कोवळ्या पानांवर दव असतं, आणि विहिरीवरून वाफ निघत असते. मला कोणी सांगितलं नव्हतं की थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं! बाहेर कुडकुडायचं आणि आत शिरलं की कोणी अंगावर गोधडी टाकल्यासारखं. आज बाहेरच यावंसं वाटेना. गोविंदा ओरडला, "निंघ बे आता, सायकल राह्यली!" मी म्हणालो, "जा तुम्ही." भोपळ्यावर पडून राहिलो. वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ, त्यात एक पारवा आला आणि गेला.

एवढी वर्षं हे इथं होतं. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि मला ठाऊकच नव्हतं. बाबांना ठाऊक न होताच ते गेले. याचं वाईट वाटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

२० नोव्हेंबर

भोपळ्याशिवाय! चार हात! चारच — पण भोपळ्याशिवाय!

२९ नोव्हेंबर

आज दौलतकाकांनी पाहिलं.

मी विहिरीच्या मध्यावर होतो. भोपळा नव्हता. गोविंदा माझ्या बाजूनं, हात न लावता, नुसता सोबत. वर पाहिलं तर काठावर पटका बांधलेले दौलतकाका. माझे हातपाय थांबले आणि मी गटांगळी खाल्ली. गोविंदानं काखेत हात घालून पायरीला लावलं. काका रागावले नाहीत, हसले नाहीत. पटका काढला, डोकं खाजवलं आणि वांग्यांकडे निघून गेले.

"काय म्हनतीन रे ते?" मी विचारलं.

"काय म्हनतीन? काही नाई म्हनत." पण गोविंदाचा आवाज उतरला होता. त्याच्या घरात मी ओट्यावर बसतो, चहा पितो. कप वेगळा नसतो. पण विहीर म्हणजे ओटा नव्हे, हे त्यालाही कळतं आणि मलाही.

४ डिसेंबर

काका काहीच म्हणाले नाहीत! पाच दिवस झाले. मी उगाच घाबरलो.

आज विहीर आडवी पार केली, परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मग तिघं पाझर तलावावर जाऊन काठावर बसून आलो. पंजाब शेंगा फोडत होता. पलीकडचा काठ किती लांब दिसतो! पण आता तो नुसता लांब दिसतो, परका दिसत नाही. "जानेवारीत तुले मधात घेऊ," गोविंदा म्हणाला, "एका बाजूनं मी, एका बाजूनं हा. थकला तं पाठीवर पडून राह्यजो. आमी थांबू."

ढाल मिळो न मिळो. मला त्या दोघांच्या मधून पलीकडे निघायचं आहे. या जानेवारीत दुसरं काही नको.

७ डिसेंबर

काल विहारात कार्यक्रम होता म्हणून पहाटे गेलो नव्हतो. आज गेलो. लांबूनच इंजिनचा आवाज — फट फट फट. वाटलं वांग्यांना पाणी सोडलंय. जवळ गेलो तर पाणी वांग्यांना नव्हतंच. पाटातून सरळ नाल्यात चाललं होतं. वाकून पाहिलं.

विहीर रिकामी. तळाला हिरवट चिखल, त्यात बेडकं. ज्या पायरीवरून मी पाण्यात शिरतो तिच्याखाली आणखी कितीतरी पायऱ्या निघालेल्या, शेवाळानं भरलेल्या, मी कधी न पाहिलेल्या.

दौलतकाका इंजिनपाशी उभे होते. "काका, काय झालं?"

"काही नाई. उपसून राह्यलो." माझ्याकडे पाहिलं नाही.

"गोविंदा?"

"भाजी घेऊन गेला कारंज्याले."

गाळ काढायचा असतो तो वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर. ऐन थंडीत, काठोकाठ भरलेल्या विहिरीचा उपसा कोण करतं? आणि ते पाणी नाल्यात कोण सोडतं, स्वतःच्या वांग्यांनाही न देता? मला विचारायची गरज नव्हती. परत येताना हॉटेलावरून एकानं हाक मारलीच — "काहो डॉक्टर, दौलतरावनं विहीर धुवाले काढली म्हने!" आणि बाकावरचे सगळे हसले.

दवाखान्यात दिवसभर हात चालवत होतो. एका कालवडीच्या पायाला पट्टी बांधली, कोणत्या पायाला ते आता आठवत नाही.

८ डिसेंबर

हे लिहिताना अजून डोकं तापलेलं आहे.

संध्याकाळी माय घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. लुगडं काळं, केसांत गाळ, चेहऱ्यावर शिंतोडे. दौलतरावांच्या विहिरीतला गाळ घमेल्यानं वर काढत होती दिवसभर!

म्हणजे विहीर बाटवली मी, आणि ती धुवायला माझीच माय! मी ओरडलो. शेजारी जमा होतील इतका ओरडलो. तुला दुसरं काम मिळालं नाही का, तुला काही वाटलं कसं नाही, लोक हॉटेलात हसतात माझ्यावर आणि तू तिथंच जातेस घमेलं घेऊन!

ती दारातच उभी. पायावर पाणी घेत होती. "बाटली म्हनून उपसली, असं कोन म्हनलं तुले?"

"सांगाले कशाले पायजे कोनी? मले दिसत नाई का?"

तिनं तोंड उघडलं. वाटलं काही बोलणार. मग पुन्हा वाकली आणि पाय घासायला लागली. "काम हाय बाबू. कामाले कायची लाज," एवढंच म्हणाली. जेवली नाही. मीही जेवलो नाही.

९ डिसेंबर

गोविंदा आला होता. घरात आला नाही, वळणावरच्या लिंबाखाली उभा राहिला. मी गेलो.

डोळे लाल. बापाशी भांडून आला होता. म्हणाला, "म्या इचारलं त्याईले. म्हनलं, काहून उपसली, खरं सांगा. तं म्हनते, माही विहीर हाय, म्या उपसली. बस. दुसरं एक अक्षर नाई."

मी लिंबाची साल सोलत राहिलो.

"माह्या बापाचं मी काय करू, सांग ना इंद्रा."

मला म्हणायचं होतं, काही करू नको, तू आलास तेवढं पुष्कळ आहे. खरंच तेच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "काही करू नको. तुही विहीर तुले, माही घागर मले."

त्यानं डोक्याचा रुमाल झटकला. मग गेला. मी त्याला हाक मारली नाही. का मारली नाही?

१६ डिसेंबर

पंजाब म्हणतो, "तुमी दोघं बोला ना बे, मी काय दोन घरचा पोस्टमन हाय?"

२४ डिसेंबर

आज एक वेड्यासारखं केलं. लिहायला लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय!

माय कामावर गेली होती. दार लावलं, खाटेवर पालथा पडलो आणि हात मारायला लागलो. हात, पाय, मान वळवून श्वास, पुन्हा हात. खाट कुरकुरत होती. डोळे मिटले की गोविंदाचा आवाज ऐकू येतो — "पाय जवळ घेऊन झाड, लांब नको झाडू." पोटाखाली सुंभ टोचत होतं. घाम आला. थांबलो तेव्हा खाट जिथल्या तिथं, मी जिथल्या तिथं.

सायकल रोज चालवतो, एकटाच. पळतो, एकटाच. गाडीवाटेनं पळताना दौलतरावांच्या मळ्याचं वळण येतं तिथं पाय आपोआप हळू होतात. इंजिनचा आवाज येतो. वाफ दिसते विहिरीवर — म्हणजे पाणी पुन्हा चढलं. पाण्याचं काय, झरे आहेत, ते भरतंच. मी वळणावरून मागे फिरतो. उभं राहून पाहत बसायला मी काय आज्याच्या काळातला आहे?

गोविंदाची फार आठवण येते. लिहून टाकलं. बस.

३ जानेवारी १९७८

दौलतराव दवाखान्यात आले होते. बैलाच्या खांद्याला गाठ, फुटून चिघळलेली. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. म्हणजे मीच. दुसरा कोणी असता तर बोललो असतो, बैलाशी तरी बोललो असतो. आज मुक्यानं जखम धुतली, मुक्यानं औषध भरलं. ते बैलाची वेसण धरून उभे. बैल हलला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला, शिंग लागू नये म्हणून. धरला आणि लगेच सोडला नाही.

जाताना दोनदा वळले. मग म्हणाले, "पानी चढलं आता विहिरीले. पयल्यावानी झालं."

चीड आली. स्वच्छ झाली विहीर, हेच सांगायचं होतं ना मला? मी कापसाचा बोळा बादलीत फेकला. "चांगलं झालं तुमचं," म्हणालो.

त्यांनी पटका काढला, डोकं खाजवलं. "तसं नाई बाबू," म्हणाले. बैलाला घेऊन गेले.

रात्री जेवताना मायला सांगितलं. तिच्या हातातली भाकर ताटात पडली. "काय म्हनले ते? अजून काय म्हनले?" मी म्हणालो, अजून काय म्हणायचं राहिलंय?

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं आणि सगळं गाव पाझर तलावाकडे निघालं. मी जाणार नव्हतो. गेलो.

सात-आठ टोळ्या होत्या. आमची नव्हती. गोविंदाच्या चुलतभावाला घेऊन ते दोघं उतरतील असं मी धरून चाललो होतो. मनातल्या मनात त्यांना शिव्याही देऊन ठेवल्या होत्या. पण पंजाब लोकांच्या सायकलींत हवा भरत बसला होता. शिटी वाजली, पोरं धडाधड पाण्यात पडली, काठावर नुसता आरडाओरडा. कारंज्याच्या एका टोळीतला जाड्या मध्येच पाठीवर पडला आणि त्याचे दोन गडी त्याच्यासाठी थांबले. एक या बाजूला, एक त्या बाजूला. बाकीचे पुढं गेले तरी हे थांबलेच. लोक हसत होते. मला ते पाहवलं नाही.

मान वर केली तर पलीकडच्या काठावर गोविंदा. कपडे घातलेला, हात छातीशी बांधून. त्यानंही मला पाहिलं. मधे तलाव. त्यानं हात सोडले. मला वाटलं, आता उडी मारेल आणि इकडे येईल. त्याला काय, दोन मिनिटांचं काम. तोही बहुतेक वाट पाहत होता की मी उतरेन. मला येत होतं आता. खरंच येत होतं. पण त्या पाण्यात उतरायला मला कोणीतरी "चल" म्हणायला पाहिजे होतं.

माणसं सायकलींमागे पळाली, काठ रिकामा झाला. आम्ही दोघं आपापल्या बाजूनं घरी गेलो.

मायनं विचारलं, "तू नाई ना उतरला?" नाही म्हणालो. तिनं माझ्या केसांना हात लावून पाहिला, कोरडे आहेत का.

६ फेब्रुवारी

आज आठ शब्द बोललो असेन दिवसभरात, तेही गुरांशी.

१९ फेब्रुवारी

गोविंदा गेला. फौजेत.

मला काही माहीत नव्हतं. सकाळी पंजाब धावत आला, "अकोल्याच्या गाडीनं चालला बे तो! बापाशी बोलनंच बंद होतं, विहीर उपसल्यापासून. भरतीत नाव दिलं, घरी कोनाले सांगतलं नाई. आज निंघाला." मी पंजाबची ती सोललेली सायकल घेतली आणि सुटलो. तीन महिने ज्यासाठी पाय मारले ते आज कामी आले — पण स्टँडवर पोचलो तर गाडी सुटलेली!

मागे लागलो. धूळ, धुराचा वास, छाती फुटायला आलेली. चढावर गाडी हळू झाली तेव्हा मागच्या खिडकीपर्यंत आलो. तो खिडकीतच होता. मला पाहिलं आणि ताडकन उभा राहिला. मी ओरडलो, काय ओरडलो ते मलाच कळलं नाही. गाडीनं उतार घेतला. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि हवेत दोन हात मारले. लांब, पाण्यात मारायला शिकवायचा तसे.

रस्त्याच्या कडेला सायकल टाकून बसलो. रडलो. चोवीस वर्षांचा घोडा, भर रस्त्यात, कापसाच्या गाड्या जात होत्या तरी रडलो.

परत आलो तर पंजाबनं दुकानातून तो भोपळा काढून दिला. त्याला नवा दोर लावलेला. "ठेवून गेला. म्हने, इंद्राले देजो. म्हने, आता त्याले लागत नाई, तरी देजो."

भोपळा घरी आणला, खुंटीला टांगला. माय त्याच्याकडे पाहत राहिली. "हे काय हाय?" मी सांगितलं. गोविंदा बापाशी भांडून फौजेत गेला, तेही सांगितलं. माझ्यासाठी भांडला, म्हणालो. ती चुलीपुढं बसून जाळ फुंकायला लागली. मला वाटलं, चुलीच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं असेल.

२२ फेब्रुवारी

मायनं आज सकाळी सांगितलं. उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून.

"विहीर म्या उपसाले लावली. दौलतभाऊच्या मनात काही नव्हतं. तुले पाहून आले तं मले म्हने, मनकर्णा, तुहं पोरगं चांगलं पोहते. मले कायजी बसली, पाच-सहा दिवस झोप नाई. म्या पाय धरले त्याईचे. म्हनलं, पानी काढून टाका, जानेवारी जाऊ द्या, गाळ म्या एकटी उचलन. ते म्हनले, पोराले मी बुडू देतो काय? म्या म्हनलं, भाऊ, भागिरथा गेली तवा डोहावर पोहनारे लय उभे होते. बुडवलं कोनीच नाई. पन हात लावून काढलंही नाई कोनी. मंग त्याईनं डोक्यावरचा पटका काढला. दुसऱ्या दिवशी इंजिन लावलं. कोनाले सांगू नका, म्याच म्हनलं होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं, माय?"

"तू म्हनला, बाटली म्हनून उपसली. तुले ते लगेच खरं वाटलं. म्या म्हनलं, वाटू दे. पोरगं तं काठावर राह्यते."

मला खरं वाटलं. गोविंदालाही खरं वाटलं, स्वतःच्या बापाबद्दल. दौलतकाका सगळ्या गावाचं ऐकून घेत राहिले, पोरगं घर सोडून गेलं तरी.

मायनं खुंटीवरून भोपळा काढला, पदरानं पुसला, माझ्या हातात दिला. "चाल. आधी दौलतभाऊच्या घरी जाऊ, गोविंदाचा पत्ता काढू. मंग तू विहिरीत उतर. मी काठावर बसतो."